एका खुब्याचा कारभार

खुब्याची शस्त्रक्रिया तास-दीड तासात आटोपते; तिचे उत्तरकांड मात्र घरी दोन-तीन महिने चालते, आणि त्या उत्तरकांडात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका यांपैकी एकही पात्र रंगभूमीवर येत नाही, ही गोष्ट कोणत्याही रुग्णालयाच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेली माझ्या पाहण्यात नाही. त्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर एक प्रसन्नवदन वृद्ध दांपत्य बागेत फिरत असते. त्यांपैकी शस्त्रक्रिया कोणाची झाली आणि शुश्रूषा कोणी केली, हे चित्रावरून सांगता येत नाही. प्रत्यक्षात मात्र ते दारातूनच ओळखू येते. उशांना टेकून जो तजेलदार दिसतो तो रुग्ण, आणि दाराच्या चौकटीला टेकून जी व्यक्ती उभ्या-उभ्या डुलक्या घेत असते ती शुश्रूषक.

माझे चुलते, ज्यांना सदाशिव पेठेतला आमचा सारा वाडा, आणि तो पाडून त्या जागी उभी राहिलेली सारी इमारत दादाकाका म्हणते, ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता वीस वर्षे होऊन गेली; परंतु कचेरीने त्यांना सोडले असले तरी त्यांनी कचेरीला सोडल्याचा कोणताही पुरावा घरात उपलब्ध नाही. वाणसामानाच्या यादीवर ते आजही तारीख घालून सही करतात, आणि दूधवाल्याने एक दिवस खाडा केला तर त्याच्याकडून कारण मागवतात. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून ते घसरले आणि काकू हातातला झारा तसाच घेऊन धावत गेल्या, तेव्हा काकांच्या मुखातून निघालेले पहिले वाक्य ‘आई गं’ हे नसून ‘किती वाजले ते लिहून ठेव, विम्याला लागेल’ हे होते.

निदान असे झाले की मांडीच्या हाडाची मान मोडली आहे. उतारवयात हाडे ठिसूळ झाली म्हणजे ही मान साध्या पडण्यानेही मोडते, आणि मोडताना हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांनाही इजा करते, त्यामुळे ते डोके पुन्हा जुळेल आणि जुळून जगेल याचा भरवसा राहत नाही; सबब ते काढून टाकून त्या जागी धातूचा गोळा बसवावा, हे अशा वयात श्रेयस्कर. पूर्वी पायाला वजने टांगून म्हाताऱ्या माणसाला महिनोन् महिने खाटेवर निजवून ठेवीत, आणि मग हाड जुळण्याआधीच छातीतला कफ, पाठीची शय्याव्रणे किंवा पायातल्या रक्ताच्या गुठळ्या यांपैकी कोणीतरी त्याचा निकाल लावीत असे. काकूंच्या मनात हेच जुने चित्र होते. पन्नास वर्षांच्या संसारात हे गृहस्थ प्रथमच एका जागी पडून राहतील आणि आपण वाढू ते मुकाट्याने जेवतील, या कल्पनेने त्या दुःखातही त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान उमटले असावे, असा मला संशय आहे. ‘ऑपरेशन उद्या करू, आणि परवा त्यांना वॉकर देऊन उभं करू,’ असे डॉक्टर म्हणाले तेव्हा ते समाधान मावळले.

काकांनी या सर्व प्रकरणाची पूर्वपीठिका मागवली. ती मागवण्याचे साधन म्हणजे माझा मोबाइल. ते रुग्णालयातल्या खाटेवर पडले असताना मी त्यांना वाचून दाखवले, की बर्लिनच्या ग्लुक नामक शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. यावर, हस्तिदंत असता तर घरात निदान शोभेची एक वस्तू झाली असती, असा शेरा पडला. पुढे इंग्लंडात लँकेशायर परगण्यातल्या रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी सांध्याच्या वाटीसाठी प्रथम टेफ्लॉन वापरले. ते झिजले, शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली, आणि तेव्हा या मनुष्याने टेफ्लॉन व नवे प्लास्टिक यांचे नमुने आपल्याच मांडीत पुरून पाहिले आणि कोणता सोसतो याची खात्री स्वतःवरच करून घेतली; ते नवे प्लास्टिक रुग्णांना बसवायला त्याने 1962 च्या नोव्हेंबरात आरंभ केला. हा पुरुष काकांना एकदम पसंत पडला. त्यातही चार्नली आपल्या रुग्णांकडून, मृत्यूनंतर तो सांधा तपासणीसाठी परत मिळावा, अशी संमती घेत असत हे ऐकल्यावर तर काका उशीवरून जवळजवळ उठूनच बसले. ‘याला म्हणतात कारभार! जडवस्तूंच्या नोंदवहीत नोंद असेल तर वस्तू परत आलीच पाहिजे.’ आपल्याला मात्र चार्नलीसारखा वाटीसकट पूर्ण सांधा नसून केवळ गोळ्याचा अर्धा सांधा बसणार, हे कळताच त्यांनी डॉक्टरांना पहिला लेखी प्रश्न पाठवला: ‘पूर्ण का मंजूर झाला नाही?’

शस्त्रक्रिया उत्तम झाली. रुग्णालयातून सुटका होण्यास शस्त्रक्रियेच्या काही पट वेळ लागला, कारण विम्याची मंजुरी ही सकाळी निघते आणि सायंकाळी पोहोचते. परंतु त्या प्रवासाचे वर्णन ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला ठाऊक नाही त्याचे सुख मी का हिरावून घ्यावे?

निघताना डॉक्टरांनी तीन कलमे सांगितली. सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला असल्यामुळे तिकडचे स्नायू आणि आवरण भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते बारा आठवडे, खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि ऑपरेशनचे पाऊल आतल्या बाजूला वळवायचे नाही. नाहीतर गोळा वाटीतून मागे निसटतो. कलमे तीनच आणि तीही सोपी. परंतु मराठी माणसाचा सारा संसार हा काटकोनाच्या आत रचलेला आहे, हे ती घरी आणल्यावर ध्यानात आले. आपला माणूस जेवतो मांडी घालून, पूजा करतो मांडी घालून, संडासात बसतो उकिडवा, कुंडीतल्या तुळशीला पाणी घालतो वाकून, आणि विचार करू लागला की गुडघ्यावर पाय टाकून तो हलवत राहतो. आमच्या घरात तर दिवाणखान्यातला सोफासुद्धा असा खोल की त्यात बसलेला पाहुणा उठताना दोघांचे साहाय्य मागतो. सबब पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले, संडासात भांड्यावर उंच बैठक बसली, पायपुसणी व सतरंज्या माळ्यावर गेल्या, आणि हाताच्या उंच लाकडी खुर्चीवर काका स्थानापन्न झाले. तिथून सारे घर खाली दिसत असल्यामुळे कारभार पाहणे त्यांना पूर्वीपेक्षा सुलभ झाले.

डॉक्टरांचे शब्द काकांनी छापील कागदावर मागून घेतले होते, आणि तिथेच घात झाला. ज्याची हयात शासननिर्णयांतल्या पळवाटा बुजवण्यात गेली, त्याला पळवाटा कोठे असतात हे काय शिकवायला हवे? कागदावर ‘जमिनीवर बसू नये’ असे होते. तिसऱ्या आठवड्यात काकांनी देवघरासमोर पाट मांडायला सांगितला.

‘अहो, डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून सांगितलंय ना?’

‘पाट म्हणजे जमीन नव्हे. जमिनीवर पाट असतो, आणि पाटावर मी असणार. तरतूद नीट वाच.’

‘मांडी घालाल त्याचं काय?’

‘कागदावर मांडीचा उल्लेख आहे, अर्ध्या मांडीचा नाही. सांधा अर्धा, मांडी अर्धी. हिशेब जुळतो.’

काकूंनी पाट उचलला, आत नेला आणि धान्याच्या डब्यांमागे उभा करून ठेवला. न्यायशास्त्रात या कृतीला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण अपील तिथेच निकालात निघाले.

इथे शुश्रूषकाच्या पदाचा विचार केला पाहिजे. पेशवाईत मुतालिक म्हणून एक कामगार असे. दौलत धन्याची, नाव धन्याचे, आणि राबणूक मुतालिकाची. परंतु त्या मुतालिकाच्या हाती निदान शिक्का तरी असे. घरच्या शुश्रूषकाकडे जबाबदारी सगळी आणि अधिकार शून्य. पाय वाकडा पडला तर ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ असे डॉक्टर त्यालाच विचारणार, आणि पाय सरळ ठेवा म्हटले तर ‘मला अक्कल शिकवू नकोस’ असे रुग्ण त्यालाच ऐकवणार. ज्याने जन्मभर घरात हुकूम सोडले, त्याच्यावर हुकूम चालवण्याचे काम, ज्याने जन्मभर ते हुकूम झेलले त्याच्याकडे यावे, असा हा उलटा तैनाती कारभार आहे. आणि तो पार पाडण्यासाठी काकूंना जो मुत्सद्दीपणा खर्ची घालावा लागला तेवढ्यात एखादा तह झाला असता.

उदाहरणार्थ ते मोजे. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात टोचायच्या सुया होत्या, त्या काकांनी निमूट टोचून घेतल्या. परंतु मांडीपर्यंत चढवायचे जे घट्ट पांढरे मोजे दिले होते, त्यांनी घराची शांतता भंग केली. हा मोजा चवड्यावरून सरळ जातो, टाचेपाशी येऊन अडून बसतो, आणि तिथून पुढे सरकवायचा तर बोटांना पावडर लावून, त्याची टाच काकांच्या टाचेवर बरोबर आणून, एकही सुरकुती न पडू देता तसूतसूने ओढावा लागतो, कारण सुरकुती पडली तर तीच कातडीला काचते. काकू समोर स्टुलावर बसून घाम गाळीत, आणि वरून काकांचे मार्गदर्शन चाले: ‘डावीकडे जरा. तुझी डावी नव्हे, माझी.’ मोजा गुडघ्यावर पोचला की काकांना हटकून लघवीला जायचे असे.

पायाची नखे हे प्रकरण त्याहून नाजूक. खुबा वाकवायचा नाही म्हटल्यावर माणसाचा हात पायाच्या बोटापर्यंत पोचत नाही, ही साधी गोष्ट नखे वाढून मोज्यात अडकू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. काका आपली नखे दर रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून स्वतः कापीत, आणि तो कागद काळजीपूर्वक दुमडून कचऱ्यात टाकीत. त्या कामात त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाची मदत मागितली नव्हती. त्या रविवारी काकूंनी वर्तमानपत्र पसरले, चष्मा लावला आणि पाय मांडीवर घेतला. काका छताकडे पाहत राहिले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत त्यांनी एकही सूचना केली नाही, तेव्हा त्यांना ताप तर नाही ना, अशी शंका येऊन काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला. तेव्हा कोठे आवाज आला: ‘अंगठ्याचं सरळ काप. गोल कापलं की कोपरा आत वाढतो.’ काकूंचा जीव भांड्यात पडला.

रात्री हाक मारण्याची सोय म्हणून देवघरातली घंटा काकांच्या उशाशी ठेवण्याचा विचार कोणाच्या सुपीक मेंदूतून निघाला, याचा तपास अद्याप चालू आहे. काकांनी त्या घंटेचे नियम बसवले: एक टोला पाण्यासाठी, दोन लघवीसाठी, तीन म्हणजे पायांमधली उशी सरकली. निजेत एक पाय दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून दोहोंच्या मध्ये ठेवायची ही उशी रात्रभरात निरनिराळ्या ठिकाणी सापडते. अर्ध्या झोपेत टोले मोजणे कठीण, त्यामुळे पाणी मागितले असता भांडे आणि भांडे मागितले असता पाणी पुढे होण्याचे प्रसंग टळले नाहीत. पहाटे घंटा वाजली की वरच्या मजल्यावरच्या आजी ‘किती लवकर पूजा होते हो तुमच्याकडे!’ म्हणून कौतुक करीत, आणि काकू ते कौतुक विनातक्रार स्वीकारीत.

मदतीला माणूस ठेवून पाहिला नाही असे नाही. ब्यूरोने बारा तासांच्या पाळीला एक मामा पाठवले. अंगाने धट्टेकट्टे, स्वभावाने गरीब. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांच्यासाठी हजेरीपत्रक आखले आणि चहाला गेल्याची व आल्याची वेळ लिहायला लावली. चौथ्या दिवशी मामांनी गावी आजी आजारी असल्याचे कळवले. मामांचे वय पाहता त्या आजीचे वय केवढे असेल याचा काकांनी हिशेब मांडला, पण तोवर मामा स्वारगेटला पोचले असावेत.

न्यू जर्सीत असलेला माझा चुलतभाऊ मात्र शुश्रूषेत कधीच कमी पडला नाही. तो रोज व्हिडिओवरून हजर होई, वडिलांच्या जेवणात प्रथिने किती, फरशीला पकड कशी, आईने उचलताना पाठ वाकवावी की गुडघे, याविषयी शास्त्रशुद्ध माहिती देई. ती बिनचूक असे, हे कबूल केले पाहिजे. पाठ न वाकवता गुडघ्यांत वाकून उचलावे हेही खरेच. फक्त काकूंचे गुडघे त्या शास्त्राला रुजू होत नव्हते. ‘आई, तू स्वतःची काळजी घे,’ असे म्हणून तो निरोप घेई, आणि ही काळजी नेमकी किती ते किती वाजता घ्यायची हा प्रश्न अनुत्तरित राही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओबाई वयाने पंचविशीतल्या. काकूंनी ‘अहो, पाऊल वर-खाली हलवा’ म्हटले की काकांना कळ येई. फिजिओबाईंनी ‘आजोबा, अजून दहा वेळा’ म्हटले की जिल्हाधिकारी फिरतीवर आल्यासारखे ते ताठ बसून वीस वेळा हलवीत. जिना शिकवताना बाई म्हणाल्या, ‘लक्षात ठेवायला सोपं आहे आजोबा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी.’ काका पायरीवर थांबले. ज्या पायावर लाखांनी रक्कम खर्ची पडली आहे तो वाईट आणि ज्यावर दमडी खर्च झालेली नाही तो चांगला, ही वर्गवारी कोणत्या आधारावर, असे त्यांनी विचारले. बाई हसल्या. मागे काकांचा पट्टा धरून उभ्या असलेल्या काकूंना हसण्याची सवड नव्हती.

आणि भेटीला येणारे. आजारी माणसाला भेटायला जाणे हा आपल्याकडे एक सामाजिक कर आहे आणि तो बहुतेक मोसंब्यांच्या रूपाने भरला जातो. मोसंब्यांखालोखाल शहाळी, त्याखालोखाल डिंकाचे लाडू, आणि एका सद्गृहस्थांनी तर आपल्या कुंडीतली हाडसांधीची वेल मुळासकट आणली. हाड जुळायला तिच्यासारखे औषध नाही, असे त्यांचे म्हणणे. जे हाड जुळायचे ते डॉक्टरांनी काढून टाकले असून आत आहे तो धातू, आणि धातू वेलीने जुळत नाही, हे त्यांना सांगायचे कोणी? काकूंनी ती तुळशीशेजारी लावली. आता तिला पाणीही त्याच घालतात. दुसरे एक जण, ‘घाबरू नका, वाजपेयींचंही ब्रीच कँडीत झालं होतं,’ असा धीर देऊन गेले. ते 2000 साली झाले हे खरे, पण ते गुडघ्याचे होते. काकांनी ही दुरुस्ती टिपून ठेवली आणि पुढच्या प्रत्येक पाहुण्याला तो विषय आपण होऊन काढून ती सुनावली.

पाहुण्यांसमोर काकांची प्रकृती विलक्षण सुधारत असे. पडण्याची कथा ते साभिनय सांगत, आणि घसरतानाचा अभिनय काटकोनाची हद्द ओलांडू लागला की काकू चहाचा ट्रे ठेवून त्यांच्या खांद्यावर हात दाबीत. ‘सगळं माझं मीच करतो हो,’ काका म्हणत, आणि त्याच क्षणी काकू त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करीत असत. पाहुणे थक्क होत. ‘या वयात काय जिद्द!’ असे म्हणून ते आणखी एकेक कप चहा घेत. त्यांपैकी कोणी काकूंकडे वळून ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारल्याचे मला स्मरत नाही. ‘साखर जरा कमी’ असे मात्र बऱ्याच जणांनी सांगितले.

मुदत संपली. वॉकर जाऊन काठी आली. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडासमोर धरले, गोळा वाटीत मध्यभागी नांदत असल्याचे पाहिले आणि काकांशी हस्तांदोलन केले. ‘उत्तम रिकव्हरी, आजोबा! सगळे नियम पाळलेत तुम्ही.’ काकांनी हे प्रशस्तिपत्र विनयाने स्वीकारले. उठताना डॉक्टरांची नजर काकूंच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेली आणि त्यांनी सहज चौकशी केली. कमरेत उसण भरली होती. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि बजावले, ‘तुम्ही पंधरा दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची. ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही.’ काकांनी तो कागद चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचला आणि घडी करून आपल्या बस्त्यात ठेवला. त्याच संध्याकाळी काकूंच्या उशाशी घंटा आली. ती त्यांनी वाजवली नाही. वाजवली असती तर उठायचेही त्यांनाच होते.

तेव्हा वाचकांना एक विनंती आहे. खुब्याच्या रुग्णाला भेटायला अवश्य जावे. मोसंबी नेऊ नयेत, ती तिथे पुरेशी असतात. चहा मागू नये. स्वतःला करता येत असेल तर दोन कप करावा आणि एक घरच्या बाईंच्या हातात द्यावा. मग त्यांना सांगावे, ‘तुम्ही आत जाऊन पडा, दोन तास मी बसतो इथे,’ आणि खरोखरच दोन तास बसावे. त्या अवधीत रुग्णाने काहीही युक्तिवाद केला, कोणताही शासननिर्णय दाखवला, तरी पाट हा जमिनीतच धरावा.